आमच्या घरात चूल एकच

३ मार्च

कुर्रर्र… टक. कुर्रर्र… टक.

ओळखलात हा आवाज? शाळेच्या भिंतीपलीकडचं, माझ्या वडिलांचं दोर वळायचं चाक. त्याचा एक दात तुटलेला होता, म्हणून प्रत्येक फेऱ्याला ते 'टक' करून अडखळायचं. भिंतीच्या अलीकडे गुरुजी कविता शिकवायचे आणि तुम्ही कुठलीही कविता त्या टकवर बसवून दाखवायचात. साऱ्या वर्गाने तुमचं नाव 'चाल्या' पाडलं ते त्यामुळेच. नायलॉन आल्यापासून ते चाक कोपऱ्यात पडून आहे. कोंबडी त्याच्यावर अंडी उबवते. आज सकाळी कोपरा झाडताना धक्का लागला आणि तोच आवाज निघाला, जसाच्या तसा. मी झाडू हातात धरून उभाच राहिलो. मग म्हटलं, लिहावंच.

व्याहीबुवा, तुम्ही माझं पत्र फोडाल की नाही देव जाणे. आपल्या मुलांच्या लग्नात दोघांच्या बायकांनी दटावलं होतं, 'आता अरे-तुरे पुरे, व्याही झालात, शोभत नाही.' तेव्हापासून आपण एकमेकांना इतका मान दिला की शेवटी बोलणंच बंद पडलं. तुम्ही शेवटचे आलात ते लेकीला न्यायला. माझा मुलगा शहरात जाऊन बेपत्ता झाला होता, तुमचा राग वाजवी होता. पण तुम्ही साऱ्या गल्लीसमोर 'इथे माझी लेक उपाशी मरेल' म्हणालात आणि माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, 'या घरात चूल एकच आहे आणि मी जिवंत असेपर्यंत एकच राहील. तिचं ताट त्याच चुलीवरून येईल.' तुम्ही पाणीसुद्धा न घेता निघून गेलात. लेक मात्र तुमच्यासोबत आली नाही. 'मी कुणाच्याच घरी पाहुणी म्हणून राहणार नाही,' म्हणाली.

ती खुशाल आहे. हे आधी लिहायला हवं होतं.

आता बातमी. मी अजून सावरलेलो नाही, म्हणून अक्षर वेडंवाकडं येतंय. आज गल्लीत एक बाई आली. खांद्याला पिशवी, हातात आपल्या पाटीएवढा फोन. दारोदार जाऊन विचारत होती, घरात माणसं किती, छप्पर कशाचं, चुली किती. मला वाटलं, शिरगणती. मी ओट्यावर ताठ उभा राहिलो आणि गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, 'आमच्या घरात चूल एकच.' तेवढ्यात घरामागून 'फस्स' असा आवाज आला. मांजरानं काहीतरी सांडलं असावं.

सगळी घरं झाल्यावर तिनं लोकांना शाळेच्या अंगणात बसवलं आणि सांगितलं की तिची संस्था या गावातल्या प्रत्येक कुटुंबाला पैसे देणार आहे. रक्कम ऐकून न्हाव्याच्या हातातली विडी पडली. परत करायचे नाहीत. तारण नाही. कशावर खर्च करायचे ते तुमचं तुम्ही ठरवा, आम्ही विचारणार नाही. घरातल्या बाईच्या फोनवर येतील.

कुणी टाळी वाजवली नाही, व्याहीबुवा. सगळे एकमेकांकडे बघत राहिले, जशी मास्तरांनी विनाकारण सुट्टी दिली की पोरं बघतात तशी. मग न्हावी उठला आणि म्हणाला, 'बाई, आमच्याकडून चूक काय झाली ते तरी सांगा.'

मला विचाराल तर हा पैसा दारूच्या गुत्त्यात जाणार. फुकटच्या वाऱ्याला शीड लावून कुणी पैलतीर गाठला आहे का?

९ मार्च

व्याहीबुवा,

मागचं पत्र फाडून टाकलं असेल तर बरं होईल. त्यात एक गोष्ट खोटी होती आणि एक मी लपवली होती.

त्या बाईनं चुली का विचारल्या ते दुसऱ्या दिवशी कळलं. त्यांच्या हिशेबी एक चूल म्हणजे एक कुटुंब, आणि एका कुटुंबाला एक रक्कम. बातमी फुटली आणि पावसात छत्र्या उगवाव्यात तशा गावभर चुली उगवल्या. न्हाव्याच्या घरी कालपर्यंत एक होती, आज तीन. म्हणे आईशी पटत नाही, भावाशी तर त्याहून पटत नाही. आई आणि भाऊ शेजारीच बसून मान डोलवत होते. एकानं तर गोठ्यात तीन दगड मांडले आणि गाईलाच वेगळं काढलं, असं लोक म्हणतात. मी पोट धरून हसलो.

हसता हसता थांबलो. कारण माझ्या घरात दोन चुली खरोखरच होत्या.

आता लिहितो. तुमचा जावई पैसे पाठवायचा थांबला तेव्हा तुमची लेक शेजारच्या गावी दुसऱ्याच्या बांधावर घायपाताची पाती सोलायला जाते म्हणाली. तुम्हाला ठाऊक आहे ते काम. पात कापायची, दगडावर खरवडायची, आतल्या धाग्यांचा वाख काढायचा, आणि तो चीक कोपरापर्यंत खाजतो. मी म्हणालो, दोरवाल्याची सून दुसऱ्याचा वाख सोलणार नाही, आणि गेलीच तर त्या पैशांचा घास मी खाणार नाही. ती गेली. संध्याकाळी परत आली. पूर्वी आपण जिथे वाख वाळवायचो त्या मागच्या पडवीत तिनं तीन दगड मांडले आणि वेगळा स्वयंपाक केला. माझा शब्द राहावा म्हणून ती वेगळी झाली, असं मी स्वतःला समजावत आलो. तुम्हाला कळवलं नाही. तिनंही कळवलं नसणार, ती सांगणारी नाही.

बातमी कळल्यावर मी मागच्या पडवीत गेलो. तिची चूल तिथे नव्हती. दगड कुंपणापाशी टाकलेले. जिथे चूल होती तिथली जमीन सारवून गुळगुळीत. अजून ओली. भांडी उलटी घालून पोत्याखाली झाकलेली. मी तिला विचारलं, हे कधी केलंस. ती सूप पाखडत होती. मान वर न करता म्हणाली, 'तुम्ही ओट्यावर सांगितलंत ना बाबा, एकच म्हणून. ती बाई मागे बघायला आली असती तर?'

मी विचारलं, आणि तुझं जेवण?

'तुमचा शब्द आणि माझी चूल, दोन्ही एका घरात कशी खरी राहणार? चूल विझवणं सोपं होतं.'

ते 'फस्स' मांजरानं केलेलं नव्हतं. पेटत्या चुलीवर तिनं घागर ओतली होती. मी ओट्यावर छाती काढून उभा होतो तेव्हा. त्या आवाजाचा अर्थ कळल्यापासून माझ्या कानात दुसरं काही येत नाही, चाकही नाही.

तिला तेव्हा पैशांचं ठाऊक नव्हतं. कुणालाच नव्हतं. आता ठाऊक आहे, आणि तरी ती मला काही बोललेली नाही. तुमच्या विहीणबाईंकडून, म्हणजे माझ्या बायकोकडून, मला कळलं की तिला आणि न्हाव्याच्या बायकोला मिळून पाती सोलायचं यंत्र घ्यायचं आहे. डिझेलवर चालतं. दोघींच्या रकमा एकत्र केल्या तर येतं. न्हाव्याच्या बायकोची रक्कम पक्की आहे. तुमच्या लेकीची रक्कम मी एका वाक्यात पुसली.

२१ मार्च

चाल्या,

'तुम्ही' लिहायला हात वळत नाही, म्हणून सोडून दिलं. तुझ्या विहीणबाईंना सांगू नकोस.

ज्यांची नोंद चुकली त्यांना ती बाई शाळेत भेटणार होती. मी धुतलेला सदरा घालून गेलो. शाळा तीच रे. गुरुजी ज्या खिडकीशी उभे राहायचे तिथेच तिनं टेबल मांडलं होतं. मला वाटलं, आज खिडकीसमोर उभं राहून कविता म्हणायची आहे आणि पहिली ओळच आठवत नाही.

सगळी गल्ली हजर होती. मी म्हणालो, 'बाई, मी खोटं सांगितलं होतं. माझं घर फुटलेलं आहे. चुली दोन आहेत.'

आयुष्यात हे वाक्य उच्चारेन असं वाटलं नव्हतं. मला वाटलं, आता आभाळ कोसळेल. आणि काय झालं सांगू? लोक हसले. मागून न्हावी म्हणाला, 'दोरवाले आजोबा, तुमचं घरही आजच फुटलं का? मुहूर्त चांगला आहे.' पुन्हा हशा. गाईवाला तर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, 'उशीर केलात, आमच्या गाईचीसुद्धा नोंद झाली नाही.'

सांगत राहिलो की माझी खरी आहे, कित्येक वर्षांपासूनची आहे. ती बाई चांगली होती, उठून माझ्याबरोबर घरी आली. मागची पडवी पाहिली. गुळगुळीत सारवलेली जमीन. भिंतीला काजळी होती, पण पूर्वी तिथे आम्ही दोराला लावायचं डांबर तापवायचो, तीही काजळीच. कुंपणापाशी टाकलेले दगड तर तिला नव्या चुलीसाठी आणून ठेवल्यासारखे दिसले. तिनं तुझ्या लेकीला विचारलं, 'तुमची चूल वेगळी होती का?' तुझ्या लेकीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, सांग म्हणून. ती म्हणाली, 'होती.' पण इतक्या हळू म्हणाली की ते खोटंच वाटलं.

बाई माझा हात हातात घेऊन म्हणाली, 'आजोबा, आज सगळेच असं सांगतायत. पहिल्या दिवशी जे सांगितलं तेच आम्हाला धरावं लागतं. रागावू नका.'

मी कुणावर रागावू? जन्मभर खरा माणूस म्हणून मिरवलो. एकदा खोटं बोललो ते लिहून ठेवलं गेलं, आणि खरं बोललो तेव्हा गावानं टाळ्या पिटल्या, याला म्हातारपणी अक्कल आली म्हणून. न्हाव्याला माझ्याविषयी आता आदर वाटतो. वाटेत थांबवून म्हणाला, 'प्रयत्न छान होता.' त्यापेक्षा त्यानं शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

गुरुजींनी आपल्या चाकावर स्वतः रचलेली कविता आठवते? सहलीला आणल्यासारखं त्यांनी सगळ्या वर्गाला भिंतीपलीकडे आणलं होतं आणि वडिलांसमोर उभं राहून म्हणाले होते,

एकट्याचा धागा कच्चा, वारा लागता तुटतो;
तिघे मिळुनी चालती, तेव्हा दोर जन्म घेतो.

वडील लाजले होते. नंतर घरी म्हणाले, 'मास्तर चांगला आहे, पण त्याला पीळ कळत नाही. नुसते तिघे चालून भागत नाही. पेडांना एकीकडे पीळ घालावा लागतो आणि दोराला उलटीकडे. एकमेकांना अडवतात म्हणून सुटत नाहीत.' हे मला तेव्हा कवितेपेक्षा रुक्ष वाटलं होतं.

१७ एप्रिल

चाल्या, पैसे आले.

दुपारी आम्ही दोघं ओट्यावर बसलो होतो आणि तुझ्या विहीणबाईंच्या फोननं 'टिंग' केलं. भांड्यावर खडा पडावा तसा एवढासा आवाज. तिनं मला वाचायला दिलं. मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. मग रस्त्याकडे पाहिलं, कुणी वसुलीला येतंय का. खरं सांगतो, चार दिवस मी दाराची कडी वाजली की दचकत होतो. आपल्याला आजवर कुणी काही दिलं, तर पाठोपाठ कुणीतरी काहीतरी न्यायला यायचं. यावेळी कुणीच आलं नाही. हा धक्का अजून ओसरलेला नाही.

मी मनात छप्पर धरलं होतं. पत्रे नवे, पन्हळ नवी. विहीणबाईंना तसं सांगून टाकलं.  दुसऱ्या दिवशी ती चपला घालून सुनेबरोबर बाजारगावी गेली आणि संध्याकाळी परतली तेव्हा पैसे नव्हते. सगळे यंत्रासाठी देऊन आली. सुनेच्या नावानं.

 पन्नास वर्षं संसार केला, या बाईनं मला न विचारता मीठसुद्धा आणलं नव्हतं. मी विचारलं, कशाला? कुणाला विचारून? हिशेब काय? उद्या यंत्र बिघडलं तर?

ती पाय चेपत बसली होती. म्हणाली, 'अहो, ज्यांनी दिले त्यांनी एकदा तरी विचारलं का, कशाला म्हणून? नाही ना. परके असून विचारलं नाही. मग तुम्ही कोण लागून गेलात?'

 

वर आणखी म्हणाली, 'तिची रक्कम तुम्ही बुडवलीत. ही माझी होती. मी तिला दिली. फिटलं.'

मी नको ते बोललो. म्हणालो, एवढंच असेल तर जा, तिच्याकडेच जेव.

२८ जून

मित्रा,

ती तेच करते आहे.

तुझ्या लेकीनं मागच्या पडवीत तिची चूल पुन्हा मांडली, त्याच जागी. आणि माझी बायको आपलं पातेलं, पळी आणि मीठमसाल्याचा डबा घेऊन तिकडे गेली. जाताना एवढंच म्हणाली, 'तुम्हीच सांगितलंत.' पुढच्या घरातली आपली चूल, माझ्या आईनं घातलेली, थंड पडली. मला पेटवता येत नाही. पन्नास वर्षं जिच्या नावानं छाती काढली ती पेटवायची कशी हे मला माहीत नाही, हे त्या दिवशी कळलं. पहिल्या दिवशी शेंगदाणे खाल्ले. दुसऱ्या दिवशीही.

ते राहू दे. यंत्राचं सांगतो. गावाच्या टोकाला न्हाव्याच्या मोकळ्या जागेत बसवलंय. मोठमोठ्यानं धडधडतं. एका बाजूनं हिरवी पात आत जाते आणि दुसऱ्या बाजूनं वाख बाहेर येतो, पांढरा, केसांसारखा लांब. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिथेच मातीत बसलो. ज्यासाठी आई-वडिलांचे हात चिकानं सोलवटले, तो वाख असा न रडता बाहेर येताना पाहिला. आनंद झाला असं म्हणवत नाही. धसकाच बसला. मग इतके हात उगाच सोलले गेले काय?

तुझ्या लेकीचे हात आता बरे झालेत. कोपरापर्यंत.

वाख विकून भागेल असं मला वाटलं. पण तिनं रोपवाटिकेचा मालक गाठला. तो म्हणे कलमं काठीला बांधायला सुतळी शोधतोय, पण नायलॉन नको. नायलॉन कुजत नाही, खोडात रुततो, गुरांच्या पोटात जातो. त्याला कुजणारी हवी होती. चाल्या, आपल्या दोराला लोकांनी का टाकलं? तो कुजतो म्हणून. आणि आता त्याला विचारत कोण आलं? तो कुजतो म्हणून. मी ऐकलं आणि कितीतरी वेळ हसलो. मग हसू थांबेना म्हणून सून पाणी घेऊन आली.

मग चाकावरची कोंबडी उठवली. मी वळून देतो म्हणालो. कुर्रर्र-टक सुरू झालं, माझे डोळे भरले, मी जीव ओतून वळलं. पहिला माल गेला आणि आठवड्यात परत आला. मालक स्वतः घेऊन आला. एक कलम दाखवलं, सुतळीनं साल कापली होती. 'आजोबा, तुमच्या सुतळीनं जहाज बांधता येईल. मला रोपं बांधायची आहेत. इतका पीळ नको हो.'

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते मी दुसऱ्यांना म्हणत आलो होतो. पडवीतून तुझ्या विहीणबाईंना हसताना मी स्पष्ट ऐकलं.

या वयात मी सैल वळायला शिकलो. शिकवलं तुझ्या लेकीनं. ती दोराचं टोक धरून मागे मागे चालते आणि म्हणते, 'सोडा बाबा, सोडा थोडं, अजून.' हात ऐकत नाही. पण ऐकतो हळूहळू. दुसऱ्या वेळचा माल ठेवून घेतला गेला.

त्याच दिवशी दुपारी मी माझं ताट घेतलं आणि मागच्या पडवीच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. काय बोलायचं ते पाठ केलं होतं, कविता पाठ करावी तसं. तुझ्या लेकीनं वर पाहिलं, पाट सरकवला आणि म्हणाली, 'पाण्याचा तांब्या घेऊन या.' मी तांब्या आणायला परत गेलो. बोलायचं राहूनच गेलं.

११ ऑगस्ट

चाल्या,

तुझं उत्तर नाही आलं, पण तुझ्या गावच्या गाडीनं पोतं आलं. आत घायपाताची रोपं, मुळांना माती बांधलेली. वर लेकीचं नाव, माझं नाही. योग्य केलंस. तिनं रोपं कुंपणाला लावली, आणि ज्या तीन दगडांची चूल तिनं त्या दिवशी मोडली होती ते शोधून आणून रोपांना आधार दिला. पडवीतली चूल आता मातीची, नीट घातलेली आहे.

गुत्ता मात्र ओस पडला नाही; पडला असं लिहिलं तर तू विश्वास ठेवणार नाहीस. दोघे-तिघे पहिल्या आठवड्यात तिथेच होते, गाईवाला त्यात पुढे. पण न्हाव्यानं फिरती खुर्ची आणली आणि शेजारच्या गावची माणसं दाढीला इकडे येतात. गाईवाल्याच्या बायकोनं तिच्या फोनवरच्या पैशांना त्याला हात लावू दिला नाही, दुसरी गाय घेतली आणि तिचं दूध रोपवाटिकेत जातं. मी म्हणालो होतो की हा पैसा वाऱ्याचा. शीड यांच्याकडे होतं रे, वारा नव्हता इतकंच.

आणि तुझी लेक? तिच्याकडे यंत्रावर आता चार बायका येतात. संध्याकाळी त्यांची मजुरी वाटते, मग आमचं तिघांचं ताट वाढते. मागच्या महिन्यात माझ्या हातावर पैसे ठेवले. म्हटलं हे काय. 'वळणावळ.' मी म्हणालो, घरात कुणी मजुरी देतं का. ती म्हणाली, 'दोरवाला फुकट काम करणार नाही, असं कोण म्हणायचं?' मी घेतले. चष्म्याची काडी बदलली.

मी तुला शब्द दिला होता ना, चूल एकच राहील म्हणून? आमच्या घरात आता चूल एकच आहे. खरोखर. तीन जण तिथेच जेवतो. फक्त ती मी तेव्हा सांगितलेल्या जागी नाही. मी शब्द दिला तेव्हा जी माझी म्हणालो होतो, ती पुढची. तिच्यात आता कोंबडी बसते.

इथवर लिहिलं आणि कडी वाजली.

आत्ताच, मित्रा. भर दुपार. दोघी यंत्रावर गेलेल्या, घरी मी एकटा. वाटलं, न्हावी असेल. दार उघडलं.

आधी मला त्याच्या खांद्यावरचं बोचकं दिसलं, कारण ते निळ्या नायलॉनच्या दोरीनं बांधलेलं होतं. दोरवाल्याच्या मुलाचं बोचकं. गाठ मात्र आपल्या घरची होती, मीच शिकवलेली. मग तोंडाकडे पाहिलं. दाढीत पांढरे केस आलेत. गालफडं बसलीत. तुझा जावई.

 मी चौकट धरली. वर्षानुवर्षं मी मनात ठरवत होतो की तो आला तर मारीन, नाही तर मिठी मारीन. दोन्ही झालं नाही. तोही उंबऱ्याबाहेरच थांबला. मी पाण्याचा तांब्या आणून दिला. त्यानं उभ्यानंच संपवला. कुठे होतास, विचारलं नाही. पैशांचं ऐकून आलास का, तेही विचारलं नाही. ओठांवर आलं होतं. त्यानं आईबद्दल विचारलं, कामावर गेलीय म्हणालो. आई आणि कामावर, हे त्याला दोनदा सांगावं लागलं.

मग त्यानं आत डोकावून पाहिलं. पुढच्या घरातली थंड चूल, तिच्यात कोंबडी. घाबरलाच तो. म्हणाला, 'बाबा, चूल विझलीय आपली? भूक लागलीय मला.'

मागच्या पडवीत निखारे आहेत, पातेल्यात अन्न झाकलेलं आहे. वास दारापर्यंत येत होता. दोन पावलं चालून मी त्याला वाढू शकलो असतो. माझं घर, माझा मुलगा. मी तोंड उघडलं ते 'ये, बस' म्हणायला.

'चूल माझी नाही,' मी म्हणालो. 'जिची आहे ती कामावरून येईल. तिला विचार.'

माझ्याच तोंडून हे बाहेर पडलं, चाल्या, आणि ऐकून आम्ही दोघंही दचकलो.